गावभेटीच्या गाडीतील गॅसची शेगडी



गावभेटीच्या गाडीसाठी स्वयंपाकाचे सामान हवे आहे, असे आम्ही मागे एका अंकात लिहिले होते. त्यानंतर तीन शेगड्या आल्या. त्यांतील दोन आजही कार्यालयाच्या कपाटात आहेत. प्रेमाने पाठवलेली वस्तू वापरली जात नाही हे कळल्यावर वाईट वाटते, म्हणून कारण सांगणे माझे कर्तव्य आहे. शिवाय आपल्यापैकी अनेक मंडळ्यांचे तरुण संघ आणि महिला मंडळे शिबिराला जाताना भाड्याच्या गाडीत सिलिंडर टाकून नेतात. त्यांनाही हा पाठ उपयोगी पडावा.

आधी गाडीत शेगडी कशाला, ते सांगतो. आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे किंवा एटापल्लीच्या आतल्या गावांत गेलो की तीन-चार दिवस परत येणे होत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. लहान नाले तर कुठेही अडवतात. गावात राहिलो तर लोक घासातला घास देतात, पण आठ माणसांचे जेवण रोज एका घरावर टाकणे बरे नाही. पावसात सरपण ओले असते. उन्हाळ्यात फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा काळ सुरू होतो, तेव्हा जंगलाच्या कडेला तीन दगड मांडून चूल पेटवणे धोक्याचे, आणि राखीव जंगलात तर कायद्यानेही मना आहे. चंद्रपूरच्या बाजूला, ताडोबाच्या आसपासच्या गावांत, सरपणासाठी आत शिरणे म्हणजे काय हे तिथल्या बायकांना विचारावे. वाघाच्या हल्ल्यात गेलेल्यांत सरपण आणि मोहफूल वेचणारे कितीतरी असतात. म्हणून गॅस हवाच.

आता गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. चूक माझीच होती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी. नाल्यावरून पाणी जात होते, आम्ही पाच जण अलीकडेच अडकलो. रात्र गाडीतच काढायची ठरली. पाऊस आडवा येत होता म्हणून सगळ्या काचा वर, मागचे दार बंद. झोपण्याआधी आतच चहा केला. शेगडीचे बटण बंद केले, पण सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद केला नाही. रात्री कुणाच्या तरी पिशवीचा धक्का बटणाला लागून ते किंचित फिरले असावे. पहाटे ड्रायव्हरदादा पुढच्या सीटवर उठून बसले आणि विडीसाठी त्यांनी काडेपेटी काढली. त्यांना कसलाही वास आला नव्हता. मला सर्दी होती, मलाही आला नाही. खाली सतरंजीवर झोपलेल्या आमच्या नर्सताईंचे डोके जड झाले होते, त्या ओरडल्या, "दादा, काडी नको!"

दार उघडले. गाडी चालू केली नाही, दिवा लावला नाही, मोबाइलला हात लावला नाही. अंगावरच्या चादरीने खालची हवा बाहेर लोटत राहिलो आणि मग अर्धा तास पावसात उभे राहिलो. गावागावांत बायकांना गॅसची सुरक्षितता शिकवणारा मी, त्या अर्ध्या तासात कुणाशी बोललो नाही.

वर बसलेल्याला वास नाही आणि खाली झोपलेलीला आला, यातच सगळा पाठ आहे. आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण. परदेशातल्या फिरत्या घरांसारख्या गाड्यांत बहुधा नुसता प्रोपेन वापरतात, कारण तो उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप राहतो, तर ब्युटेन शून्याच्या आसपासच द्रव होऊन बसतो. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून तो फरक आपल्याला जाचत नाही. पण दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत, प्रोपेन सुमारे दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळलेला गॅस धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागा शोधतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. सर्दी झालेल्या नाकाला तेही कळत नाही.

थोडे गणित करू. हवेत सुमारे दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगीने भडका उडू शकतो. आमच्या गाडीच्या मागच्या भागात अंदाजे सहा घनमीटर हवा मावते. तिचे दोन टक्के म्हणजे 120 लिटर गॅस, आणि एवढा गॅस व्हायला सिलिंडरमधले पाव किलोच पुरते. तेही गॅस सगळीकडे सारखा पसरला तर. तो तळाशीच साचला तर त्याच्या चौथा हिस्साही पुरेल. पाच किलोच्या लहान सिलिंडरमध्ये असे पाव किलो वीस वेळा आहे.

ही हकिकत मी पुढे एका गावात सांगितली. तिथल्या एका आजीबाईंच्या घराला बांबूच्या तट्ट्याच्या भिंती आहेत, खालून वारा खेळतो. दुभाष्यामार्फत त्या म्हणाल्या, "माझं घर म्हणजे टोपली, तुमची गाडी म्हणजे झाकण लावलेला गंज." आमच्याकडे गंज म्हणजे मोठे पातेले. याहून नेमके मला सांगता आले नसते.

परदेशातल्या त्या गाड्यांत सिलिंडरसाठी वेगळा कप्पा असतो. तो राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक, म्हणजे गळलेला गॅस जमिनीवर पडून निघून जातो. आम्हीही तेच केले. गाडीच्या मागे बाहेरच्या बाजूला लोखंडी पेटी बसवली, तिच्या तळाला भोके पाडली, सायलेन्सरपासून ती लांब ठेवली. सिलिंडर त्यात उभा आणि पट्ट्याने आवळलेला असतो. आडवा कधीच ठेवायचा नाही, कारण मग वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत हातभर उसळते. चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीची टोपी लावलेली असते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने सिलिंडरमधला दाब वाढतो. म्हणून पेटीवर सावली असते आणि गाडी झाडाखाली लावतो.

आणि गाडीच्या आत आता स्वयंपाक होत नाही. मागचे दार वर उचलून त्याला ताडपत्री बांधतो आणि तिच्या आडोशाला बाहेर शिजवतो. डिसेंबरात रात्री थंडी वाजते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणते, शेगडी आत घेऊन जरा ऊब घेऊ या. नाही. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन भांड्याला काजळी धरू लागली तर बर्नर साफ करावा.

अनुवाद 22:8 मध्ये नवे घर बांधणाऱ्याला छताला कठडा बांधायला सांगितले आहे, कुणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही ते वचन घाईने ओलांडले होते. घर सुंदर बांधा असे तिथे म्हटलेले नाही. पाहुणा वर जाईल हे गृहीत धरून आधीच कठडा बांधा, एवढेच म्हटले आहे. आमच्या लोखंडी पेटीला ड्रायव्हरदादा आता कठडाच म्हणतात.

कपाटातल्या दोन शेगड्यांकडे येतो. पहिली सुटकेससारखी सपाट, परदेशी राहणाऱ्या एका कुटुंबाने सामानातून आणलेली. तिच्यात शेजारच्या खणात लहान गॅसचा डबा बसतो. डबे विमानात नेता येत नाहीत, म्हणून शेगडी आली आणि डबे आले नाहीत. अहेरीच्या बाजारात ते मिळतही नाहीत. मिळाले असते तरी आम्ही ती वापरली नसती. दोघांच्या चहाला ती चांगली आहे. आठ जणांच्या भाताचा गंज ठेवला तर तो डब्याच्या खणावर येतो, खालची आच डब्यावर परतते आणि डबा तापून फुटू शकतो. दुसरी शेगडी सिलिंडरच्या डोक्यावर स्क्रूने बसणारी. उंच, डगमगती, आणि तिचा लहान सिलिंडर दुकानात मोठ्या सिलिंडरमधून भरून घ्यावा लागतो. असे भरणे बेकायदेशीर आहे आणि भरणाऱ्याच्याही जिवावर बेतते.

तिसरी शेगडी आम्ही वापरतो. साधी दोन बर्नरची, स्टीलची, आयएसआय चिन्ह असलेली, वर काच नसलेली. काचेची दिसते छान, पण आमच्या रस्त्यांवर ती टिकणार नाही. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्यावी. उघड्यावर वाऱ्याने ज्योत सारखी विझते. सिलिंडर पाच किलोचा, गॅस कंपनीच्या वितरकाकडूनच घेतलेला. तो ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मोठा बर्नर तासाला अंदाजे 150 ते 200 ग्रॅम गॅस खातो, म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन-तीन गावभेटी सहज होतात. घेताना सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेले अक्षर पाहावे: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत, आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. ती तपासणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावा.

नळी तारेचे अस्तर असलेली, दीड मीटरपर्यंतच, मध्ये जोड नसलेली. कंपन्या पाच वर्षांनी बदलायला सांगतात. आम्ही दोन वर्षांनी बदलतो, कारण तांदळाच्या पोत्यामागे गाडीत उंदीर येतात आणि त्यांना नळीही आवडते. दर वेळी जोडल्यावर जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहतो. काडी लावून पाहणारे महाभाग मला भेटले आहेत. स्वयंपाक झाला की आधी रेग्युलेटर बंद, नळीतला उरलेला गॅस जळू द्यायचा, ज्योत आपोआप विझली की मग शेगडीचे बटण. त्या रात्री हा क्रम पाळला असता तर पिशवीच्या धक्क्याने काहीही झाले नसते.

गळतीसाठी 1906 हा क्रमांक पेटीच्या झाकणावर रंगवला आहे. आमच्या बऱ्याच गावांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून त्याखाली नर्सताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: आधी दार, मग बाकी सगळे.

ज्यांना या कामासाठी काही पाठवायचे आहे त्यांनी कृपया आता शेगडी पाठवू नये. दोन नव्या नळ्या, एक जादा रेग्युलेटर आणि पावसाळ्याआधी एक जाड ताडपत्री एवढीच गरज आहे. रेग्युलेटर आमच्या वितरकाकडूनच घ्यावा लागतो, म्हणून त्याची रक्कम पाठवावी. कपाटातल्या सुटकेससारख्या शेगडीबद्दल त्या कुटुंबाला मी पत्र लिहिले आहे. ते पुढच्या सुट्टीत येतील तेव्हा ती परत नेणार आहेत.