फाटकाच्या आतला कळवळा

शास्त्रपाठ : मार्क ६:३०-४४; याकोब २:१-९

पाच हजारांच्या भोजनाची गोष्ट आपल्या संडेस्कूलच्या मुलांना पाठ असते. भाकरी किती, मासे किती, टोपल्या किती उरल्या, हे ती चटकन सांगतात. पण भाकरीच्या आधी काय घडले असे विचारले तर मोठी माणसेही थबकतात. मेंढपाळावाचून भटकणाऱ्या मेंढरांसारखा तो समुदाय पाहून प्रभूला कळवळा आला, आणि लगेच त्याने लोकांना शिकवण्यास आरंभ केला. भाकर मागाहून आली.

कळवळ्यासाठी येथे जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा संबंध आतड्यांशी आहे. आपण मराठीत 'आतडे तुटते' म्हणतो, तेच. ज्याचे आतडे तुटते त्याला लांबूनच काही देऊन वाटेला लागता येत नाही. शिष्यांचा सल्ला मात्र निराळा होता. वेळ फार झाली, ह्यांना निरोप द्यावा, आसपासच्या गावांत जाऊन त्यांनी आपले पाहावे! ह्यात दुष्टपणा नव्हता, व्यवहार होता. बहुतेक शाळा, आणि खरे सांगायचे तर बहुतेक मंडळ्याही, ह्याच व्यवहाराने चालतात. प्रभूने तो सल्ला मानला नाही. खायला घालण्याचे काम त्याने शिष्यांच्याच अंगावर टाकले.

हे वचन एका रोमन कॅथलिक शाळेने कसे आचरले ते पाहू. कोलकात्यात सियालदह येथे लोरेटो धर्मभगिनींची मुलींची शाळा आहे. आयर्लंडहून भारतात आलेल्या सिस्टर सिरिल मूनी १९७९ साली तेथे मुख्याध्यापिका झाल्या. रस्त्यावर राहणारी मुले त्या भागात रोज दिसत. १९८५ साली सिस्टरनी त्यांच्यासाठी फाटक उघडले आणि ह्या कामाला 'रेनबो' असे नाव दिले. काही वाटून फाटक पुन्हा लावून घेणे सोपे होते. तसे न करता त्यांनी पाचवीपासून पुढच्या मुलींच्या वेळापत्रकातच हे काम घातले. एकेका विद्यार्थिनीने एकेका लेकराला शेजारी बसवायचे आणि लिहा-वाचायला शिकवायचे. पुष्कळ मुले पोटासाठी काम करीत, म्हणून जमेल तेव्हा यावे, घंटेचे बंधन नाही. तयारी झाली की त्यांना नेहमीच्या वर्गात घालीत. ज्यांना रात्री सुरक्षित आसरा नव्हता अशा मुली शाळेतच राहू लागल्या. पुढे शाळेतल्या सुमारे १४०० मुलींपैकी जवळजवळ निम्म्या फी न देता शिकत होत्या. २००७ साली सिस्टरना पद्मश्री मिळाली. २०२३ साली त्या निवर्तल्या.

दानात एक खोच असते. देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. याकोबाने सभास्थानातल्या बसायच्या जागांवरून जो खडा प्रश्न केला आहे तो ह्याच खोचेविषयी आहे. गरिबाला आत घेतले खरे, पण बसवले कोठे? सियालदहच्या शाळेने त्याला बाकावर, फी भरणाऱ्या मुलीच्या शेजारी बसवले. शेजारी बसलेल्या मुलाचे नाव ठाऊक होते, त्याचा ताप कळतो, तो दोन दिवस आला नाही तर जीव लागत नाही.

रोमन कॅथलिक शाळेकडून आपण पाठ का घ्यावा, असे काही बंधूंना वाटेल. शोमरोन्याचा दाखला ऐकणाऱ्या शास्त्र्यालाही ते रुचले नसावे. उत्तर देताना त्याने शोमरोनी हा शब्द उच्चारलाच नाही (लूक १०:३७).

आपल्या मंडळ्यांत नाताळच्या सुमारास कपडे व फराळ वाटतात. हे चांगलेच आहे, चालू राहावे. पण उपासना चालू असता कंपाउंडच्या भिंतीवर बसून गाणी ऐकणारी मुले, झाडूवाल्या बाईंची मुलगी, रखवालदाराचा धाकटा, ही आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर आहेत काय? शिक्षकांनी येत्या रविवारी वर्गाला एवढेच विचारावे की, दारातून आत डोकावणाऱ्या त्या मुलाचे नाव काय. कोणालाच सांगता आले नाही, तर पाठ तेथेच थांबवून वर्गातल्या दोघांना बाहेर पाठवावे, आणि ती त्याला घेऊन येईपर्यंत बाकावर जागा करून ठेवावी.