प्रार्थनेला उत्तर मिळेपर्यंत : संत मोनिकाकडून शिकू या



दर वर्षी २७ ऑगस्टला ख्रिस्तसभा संत मोनिकाचा सण साजरा करते आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, तिचा पुत्र संत अगस्तीन ह्याचा. दिनदर्शिकेवर ह्या दोन सणांमध्ये एका रात्रीचे अंतर आहे. प्रत्यक्षात मात्र आईने मुलासाठी अश्रू गाळायला सुरुवात केली तेव्हापासून मुलाचे मन पालटेपर्यंत सुमारे १३ वर्षे गेली. आज आपण त्या मधल्या वर्षांचा अभ्यास करू या, कारण आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे तशाच मधल्या वर्षांत जगत आहेत.

कुणाच्या लग्नाला आठ-दहा वर्षे झाली, पण घरात पाळणा हललेला नाही. कुणाचा मुलगा दारूतून बाहेर येत नाही. कुणाच्या घरी आठवड्यातून तीनदा डायलिसिसची फेरी आहे. पुढच्या महिन्यात आपल्यातील बरेच जण वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला जातील. मेणाचे बाळ, मेणाचा हात, मेणाचे घर विकत घेऊन मातेच्या चरणी ठेवतील. काही जण बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जात असतात. ह्यांतील अनेकांचे मागणे वर्षानुवर्षे तेच असते. घरी परतताना मनात प्रश्न येतो, ‘देव ऐकतो का?’ त्याच्याहून बोचरा दुसरा प्रश्न असतो, ‘माझाच विश्वास कमी पडतो का?’

एका आईचे मागणे

मोनिका उत्तर आफ्रिकेतील थगास्ते गावची. हे ठिकाण आज अल्जीरिया देशात आहे. अगस्तीनचा जन्म ३५४ साली झाला. मुलगा हुशार निघाला. शिकायला कार्थेज शहरात गेला आणि एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास मानी पंथाच्या नादी लागला. आईने त्याला ख्रिस्ताचे नाव शिकवले होते, आता तो आईच्या श्रद्धेला अडाणीपणा समजू लागला. लग्नाशिवाय एका स्त्रीबरोबर राहू लागला, त्यांना मुलगाही झाला.

मोनिका एका बिशपांकडे गेली आणि ‘माझ्या मुलाशी बोला’ म्हणून विनवू लागली. त्यांनी नकार दिला. मुलगा सध्या कुणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला वाद घालून जिंकता येणार नाही, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना करीत राहा, असे त्यांनी सांगितले. तरी ती हटेना. तेव्हा ते थोडे वैतागूनच म्हणाले, की ज्या मुलासाठी असे अश्रू गाळले जातात त्याचा नाश होणे शक्य नाही. मोनिकाने हे वाक्य देवाकडून आल्यासारखे जपून ठेवले. त्यानंतरही अनेक वर्षे काहीच घडले नाही.

बंदरावरची रात्र

३८३ साली अगस्तीनने रोमला जायचे ठरवले. आई कार्थेजच्या बंदरापर्यंत मागे आली. एक तर त्याने परत फिरावे, नाहीतर तिलाही बरोबर न्यावे, असा तिचा आग्रह. तो खोटे बोलला. ‘एका मित्राला निरोप द्यायला आलोय, वारा सुटेपर्यंत थांबतोय,’ म्हणाला. बंदराजवळच संत सिप्रियनच्या स्मरणार्थ बांधलेले एक प्रार्थनास्थळ होते. मोनिकाने ती रात्र तिथे काढली. रात्रभर एकच मागणे, ‘देवा, त्याला जाऊ देऊ नकोस.’ त्याच रात्री वारा सुटला. सकाळी ती किनाऱ्यावर आली तेव्हा जहाज निघून गेले होते.

बंधू-भगिनींनो, ह्या सकाळजवळ थोडे थांबू या. रात्रभर प्रार्थना केली आणि नेमके उलटे घडले. ह्यापेक्षा स्पष्ट नकार कोणता?

पुढे अगस्तीन रोमहून मिलानला गेला. तिथे बिशप संत अंब्रोज ह्यांची प्रवचने त्याच्या कानी पडली. ३८६ साली त्याचे मन पालटले आणि ३८७ सालच्या पास्काच्या जागरणात अंब्रोज ह्यांच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला. तो आफ्रिकेतच राहिला असता तर अंब्रोज ह्यांची भेट झाली नसती. आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने दिले नाही, कारण ती आयुष्यभर जे मागत आली होती ते त्याला द्यायचे होते. हा अर्थ स्वतः अगस्तीननेच आपल्या ‘कबुलीजबाब’ ह्या ग्रंथात लावला आहे.

मागणी आणि तिच्यामागची ओढ

ह्यातून पहिला धडा मिळतो. आपल्या प्रत्येक मागणीच्या पोटात एक ओढ असते. ‘त्याला जाऊ देऊ नकोस’ ही मोनिकाची मागणी. ‘तो तुझा होऊ दे’ ही तिची ओढ. आपल्याला ओढ ठाऊक असते, वाट ठाऊक नसते. म्हणून मागणी आपण आपल्याला माहीत असलेल्या वाटेने करतो. त्यात गैर काही नाही. प्रभू येशूनेही आपल्याला रोजची भाकर मागायला शिकवले. फक्त वाट बदलली म्हणून देवाने ओढही नाकारली, असे समजू नये.

संत थॉमस अक्वायनस सांगतात, की आशा ज्या गोष्टीची धरायची ती चांगली असते, पुढे यायची असते, कठीण असते आणि तरीही शक्य असते. ह्यातले ‘शक्य’ गळून पडले की माणूस निराश होतो. ‘कठीण’ गळून पडले की तो देवाला गृहीत धरू लागतो. ‘अमुक इतके शुक्रवार करा, काम झालेच म्हणून समजा,’ असे कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर ती श्रद्धा नव्हे, ते गृहीत धरणे आहे. अशाच खात्रीमुळे पुढे निराशा दुप्पट होते. ख्रिस्ती आशा ह्या दोहोंच्या मधून चालते.

ज्यांना उत्तर दिसलेच नाही

आता एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. मोनिकाला उत्तर डोळ्यांनी बघायला मिळाले. सर्वांना तसे मिळत नाही. ज्या घरात आजाऱ्यासाठी नोव्हेना चालू असतानाच मृत्यू आला, त्या घराला आपण काय सांगणार?

पुष्कळदा आपण सांत्वनाला जातो आणि बसल्या बसल्या बोलून जातो, ‘देवाची काहीतरी योजना असेल.’ लक्षात घेऊ या, की बंदरावरच्या त्या रात्रीचा अर्थ अगस्तीनने कितीतरी वर्षांनी लिहिला, आणि तो त्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिला. त्या सकाळी किनाऱ्यावर रडणाऱ्या मोनिकाला ‘झाले ते बऱ्यासाठीच’ असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नव्हता. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपण लावायचा नसतो. त्याच्याजवळ बसायचे असते.

आणि ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे तर कधीच म्हणू नये. गेथसेमनी बागेत स्वतः प्रभू येशूने प्याला दूर करण्यासाठी पित्याची विनवणी केली. प्याला दूर झाला नाही. पुत्राचा विश्वास कमी पडला, असे कोण म्हणेल? तरीसुद्धा इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे, की त्याची प्रार्थना ऐकली गेली. क्रूस तर टळला नाही, मग ऐकली कशी? पित्याने त्याला मरणापासून दूर ठेवले नाही, मरणातून उठवले. ज्यांचे मागणे कबरीपाशी येऊन थांबले, त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेकडे हेच एक उत्तर आहे. हे उत्तर अश्रू लगेच पुसत नाही, पण कबरीला शेवटचा शब्द बोलू देत नाही.

वाट पाहताना काय करावे?

एक, तक्रार देवाकडेच करा. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला ‘किती काळ?’ असे एकदा नाही, चार वेळा विचारतो. हे पवित्र शास्त्रातच आहे. देवावर रागावून देवाशी बोलणे ही प्रार्थनाच आहे. बोलणेच बंद करणे धोक्याचे.

दोन, आपला वाटा आपण उचला. मोनिका रडत बसून राहिली नाही. समुद्र ओलांडून ती मुलाच्या मागे मिलानला पोहोचली. प्रार्थना करा आणि औषधही वेळेवर घ्या. डॉक्टरांनी सांगितलेले उपचार ‘विश्वासाने’ बंद करू नका. दारू सुटावी म्हणून माळ जपा आणि माणसाला व्यसनमुक्ती केंद्रातही न्या.

तीन, जेवा आणि उठा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मूल मागायला मंदिरात गेली. तिचे ओठ हलताना पाहून एली याजकाला ती प्यालेली वाटली (आम्हा धर्मगुरूंनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे). मन मोकळे करून ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तेव्हा तिची कूस अजून रिकामीच होती. उत्तर येण्याआधीच तिला शांती मिळाली होती.

चार, स्वतःला जमत नसेल तेव्हा इतरांना प्रार्थना करू द्या. मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडले आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. आपल्या वाडीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहाने असे चौघे व्हावे. आणि लग्नाकार्यात मूल नसलेल्या जोडप्याला ‘काही गोड बातमी?’ असे विचारणे आजपासून बंद करावे.

शेवटचे मागणे

अगस्तीनच्या बाप्तिस्म्यानंतर आफ्रिकेला परत जाताना, रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात मोनिका आजारी पडली. नवऱ्याशेजारी पुरले जावे म्हणून तिने गावी आपली जागा तयार ठेवली होती. तिची ही जुनी इच्छा पूर्ण होणार नव्हती. मुलांना वाईट वाटले. ती म्हणाली, की माझा देह कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ३८७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ती देवाघरी गेली.

कार्थेजच्या बंदरावर तिने वाटेचा हट्ट धरला होता. ऑस्तियाच्या बंदरात तिला जागेचाही हट्ट उरला नव्हता. इतक्या वर्षांच्या वाट पाहण्याने मुलगा बदलला, तशी आईही बदलली. ह्या रविवारी मिस्सात अर्पणाच्या वेळी आपले जुने मागणे पुन्हा एकदा वेदीवर ठेवू या, आणि आपल्या शेजारच्या बाकावरच्या माणसाचेही, ते आपल्याला माहीत नसले तरी.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील सर्वांत जुनी मागणी कोणती? तिच्यामागची ओढ कोणती?
२. ह्या मागणीसाठी आपण स्वतः करायचे असे एखादे काम राहून गेले आहे का?
३. आपल्या वाडीत वाट पाहून थकलेले कोण आहे? ह्या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?