टाकण्याआधी तीन प्रश्न



"टाकाऊतून टिकाऊ" हा विषय आपण कार्यानुभवाच्या तासाला दर वर्षी शिकतो. आईस्क्रीमच्या काड्यांचे घर करतो, बांगड्यांचे तोरण करतो, गुण मिळवतो आणि चार दिवसांनी ते तोरण उकिरड्यावर जाते. म्हणून या लेखात मी शोभेच्या वस्तूंबद्दल लिहिणार नाही. रोजच्या घरात जुन्या वस्तूंचा खरा उपयोग कसा होतो, तो का होतो आणि कोणती वस्तू पुन्हा वापरणे धोक्याचे असते, एवढेच लिहिणार आहे.

काटकसर वेगळी आणि चिकटपणा वेगळा. चिकट माणूस कोणतीच वस्तू टाकत नाही. काटकसरी माणूस वस्तूचा गुण ओळखतो. माझी आज्जी म्हणते, "वस्तू टाकायला अक्कल लागत नाही, वापरायला लागते." आमच्या घरी कोणतीही जुनी वस्तू हातात आली की तीन प्रश्न विचारले जातात. तेच प्रश्न या लेखाचा पाया आहेत.

पहिला प्रश्न : ही वस्तू कशाची बनली आहे?
दुसरा प्रश्न : हिच्यात आधी काय होते?
तिसरा प्रश्न : ही नेमकी कशाला आणि कधी लागणार आहे?

१. जुने कापड

सुती कापड जितके जुने, तितके मऊ आणि तितके पाणी शोषणारे. म्हणून बाळाची दुपटी, भाकरी गुंडाळायचे फडके, ताक-दही झाकायचे कापड ही सगळी जुन्या धोतराची किंवा लुगड्याची चांगली. नवे कोरे कापड खळीमुळे कडक असते, ते पाणी लवकर टिपत नाही.

कापडाचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे वाकळ. काही भागांत हिलाच गोधडी म्हणतात. आज्जी उन्हाळ्यात वाकळ शिवायला घेते. खाली एक अखंड लुगडे अंथरायचे, त्यावर जुनी धोतरे, सदरे, ओढण्या उसवून सपाट पसरायच्या, जिथे कापड विरले असेल तिथे ठिगळाचा तुकडा घालायचा आणि वर दुसरे लुगडे घालून चारी बाजूंनी धावदोरा घालत आत आत यायचे. वाकळ ऊबदार का असते? कापडाच्या थरांमध्ये आणि टाक्यांच्या ओळींमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला "उष्णतेचा दुर्वाहक" तो हाच.

जुन्या विजारीच्या एका पायाला खालून शिवण घातली की बाजाराची पिशवी तयार. वरच्या काठाला त्याच विजारीचा पट्टा बंद म्हणून लावावा. २०१८ साली आपल्या महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून अशी पिशवी घरात दोन-तीन तरी असावी.

इथे पहिला प्रश्न विसरू नका. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर या धाग्यांचे कापड पिशवीला चालते, पण चुलीवरचे भांडे उतरवायला कधीही घेऊ नये. सुती फडके फार तापले तर करपते. हे कापड वितळते आणि कातडीला चिकटते, त्यामुळे भाजणे खोलवर जाते. घरात ओळखायची सोपी खूण आहे. पाण्याचा थेंब टाकून पहा. सुती कापड तो पटकन शोषून घेते, दुसऱ्यावर तो थोडा वेळ तसाच बसतो. तरी खात्री नसेल तर ते कापड चुलीपासून लांबच ठेवा.

२. वह्या आणि वर्तमानपत्रे

वर्ष संपले की प्रत्येक वहीत मागे काही कोरे कागद उरतात. समजा, आपल्या वर्गात ३० मुले आहेत आणि प्रत्येकाकडे सगळ्या वह्यांचे मिळून १५ कोरे कागद निघाले. ३० गुणिले १५ म्हणजे ४५० कागद. कागदाच्या दोन बाजू धरल्या तर ९०० पाने झाली. म्हणजे २०० पानी चार वह्या होऊन वर १०० पाने उरतात! कागद जोडीने काढावेत, मधोमध दुमडावेत, दाभणाने तीन भोके पाडावीत आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवावे. जुन्या वहीचा पुठ्ठा वरून लावावा. ही वही पाढे, शुद्धलेखन आणि कच्च्या गणितांना उत्तम.

जुन्या वर्तमानपत्राची रद्दी विकता येते, पुस्तकांना कव्हरे घालता येतात, आरसा पुसता येतो. लगद्याच्या टोपल्याही करता येतात. कागदाचे तुकडे तीन-चार दिवस पाण्यात भिजवून कुटायचे, भिजवलेल्या मेथीचे वाटण त्यात चिकटपणासाठी मिसळायचे आणि उपड्या घमेल्यावर थापून वाळवायचे. अशी टोपली हलकी आणि बळकट होते. तिच्यात दोरे, बटणे, लोकर ठेवावी.

पण वर्तमानपत्रात गरम भजी आणि वडे बांधून आणू नयेत. शाईतली रसायने तेलात उतरतात आणि पोटात जातात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ सालीच याबद्दल लोकांना सावध केले आहे. भज्यांसाठी घरून डबा न्यावा, नाहीतर केळीचे पान आहेच.

३. राख, चिंच आणि धुवण

चुलीतली राख चाळून घेतली की भांडी घासायला उत्तम. ती खरखरीत असते हे एक कारण. दुसरे कारण असे की लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो पाण्यात विरघळला की तेलकटपणा सोडवतो. याच क्षारामुळे राख झाडांनाही थोडी थोडी घालता येते, त्यातून पालाश मिळते.

परंतु जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी राखेने घासत राहिल्यास काळी पडतात आणि झिजतात, कारण क्षार त्या धातूला खातो. ज्या चुलीत प्लॅस्टिक किंवा रंगीत कागद जाळला असेल, तिची राख भांड्यांना नको आणि झाडांनाही नको. खरे म्हणजे चुलीत प्लॅस्टिक जाळूच नये. त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या आईच्याच छातीत जातो.

आमटीसाठी चिंच कोळल्यावर उरलेला चोथा आणि पिळलेली लिंबाची साल फेकू नका. तांब्या-पितळेची भांडी त्याने लख्ख होतात. चिंचेतले आम्ल भांड्यावरचा काळा थर विरघळवते. घासून झाल्यावर भांडे स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावे.

तांदळाचे आणि डाळीचे धुवण गुरांच्या पाण्यात किंवा झाडाला घालावे. भाजी धुतलेले पाणी कोथिंबिरीला, आंघोळीचे पाणी केळीला आणि कर्दळीला. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीच्या वाफ्यात सोडू नये.

४. फुटका माठ

मला स्वतःला हा उपयोग सगळ्यात आवडतो. माठाचे तोंड फुटले की तो प्यायच्या पाण्याला निकामी होतो. पण बूड आणि पोट शाबूत असेल तर तो झाड जगवू शकतो.

नव्या रोपापासून वीतभर अंतरावर खड्डा करायचा. माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा. पाण्याने भरून वर कौलाचा तुकडा किंवा सपाट दगड घट्ट झाकायचा. भाजलेल्या मातीला बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते. आजूबाजूची माती कोरडी झाली की ती जास्त पाणी ओढते, ओली असली की कमी ओढते. म्हणजे झाडाला लागेल तसे पाणी मिळते आणि वरची माती कोरडी राहिल्याने उन्हाने फारसे उडूनही जात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतील झाडांना रोज पाणी घालायला कोणी नसते, तेव्हा ही युक्ती फार कामाची. रंग किंवा चकाकीचा थर दिलेला माठ मात्र यासाठी चालत नाही, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात.

५. डबे, बाटल्या आणि कॅन

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आधी काय होते? पालकांनी हा भाग अवश्य वाचावा अशी विनंती आहे.

खाण्याच्या तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा असेल तर काही हरकत नाही. वरचा पत्रा कापून, कडा आत दुमडून ठोकून घ्याव्यात म्हणजे हात कापत नाही. गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने धुऊन कडक उन्हात वाळवला की कडधान्य भरायला डबा तयार. बिस्किटांचे डबे, मधाच्या काचेच्या बाटल्या यांचेही तसेच.

परंतु फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही मजबूत आणि देखणा दिसला तरी घरात आणू नये. पाणी, दूध, तेल, रॉकेल, धान्य, यांपैकी कशालाही तो वापरू नये. गुरांना पाणी पाजायलाही नको. "साबणाने चार वेळा धुतला, वास गेला," असे म्हणून भागत नाही. औषध प्लॅस्टिकमध्ये मुरते आणि नंतर हळूहळू आतल्या पदार्थात उतरते. वास गेला म्हणजे विष गेले असे नाही.

कीटकनाशकांच्या कॅनवर चौकोनी खूण असते. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा रंग पाहून काही जणांना वाटते की हे औषध निर्धोक आहे. तसे नाही. हिरव्या खुणेचा कॅनदेखील स्वयंपाकघरात येता कामा नये.

मग त्याचे करायचे काय? फवारणी करणाऱ्या मोठ्या माणसाने शेतातच रिकामा कॅन तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. नंतर कॅनला भोके पाडावीत, म्हणजे तो पुन्हा कोणी वापरणार नाही. रिकामी वेष्टने इकडेतिकडे टाकू नयेत, ती मोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितलेले आहे. विहीर, ओढा आणि तळे यांच्याजवळ तर मुळीच नको. मुलांनी अशा कॅनला हातच लावू नये.

याचीच उलटी चूकही होते. सरबताच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल, ॲसिड किंवा तणनाशक भरून ठेवतात. लहान मुलाला अक्षर वाचता येत नाही, पण बाटली ओळखता येते. ते सरबत समजून तोंडाला लावते. म्हणून खाण्याच्या बाटलीत विष नको आणि विषाच्या बाटलीत खाणे नको, हा नियम प्रत्येक घराने पाठ करावा.

खताच्या पोत्याचेही थोडे लक्षात घ्यावे. धुऊन त्याची पावसात डोक्यावर घ्यायची खोळ होते, खळ्यावर अंथरायला होते. खायचे धान्य मात्र त्यात भरू नये. धान्याला धान्याचेच पोते बरे.

६. "लागेल कधीतरी" हा रोग

तिसरा प्रश्न विचारला नाही तर घराचा अडगळखाना होतो. जुने टायर, करवंट्या, फुटक्या बादल्या परसात पडून राहतात. पाऊस पडला की त्यांत पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साध्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी वाळली तरी कित्येक महिने जगू शकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. भांडी नुसती ओतू नयेत, आतून घासावीत. दहा रुपयांची बादली वाचवायला जावे आणि दवाखान्यात हजारो घालवावेत, याला काटकसर कोण म्हणेल?

आमच्या घरी यासाठी ठरलेली रीत आहे. ठेवलेल्या वस्तूचा पुढच्या दिवाळीपर्यंत उपयोग झाला नाही तर ती भंगारवाल्याला द्यायची. लोखंड, पत्रा, काच, रद्दी याचे पैसे येतात आणि वस्तू वितळवून पुन्हा कामाला लागते. तीही एक प्रकारे टिकाऊच झाली.

सारांश

कोंड्याचा मांडा करणे ही आपल्या आई-आज्ज्यांची जुनी कला आहे. ती नुसत्या गरिबीतून आली नाही, ती निरीक्षणातून आली. कापड शोषते, राख तेल सोडवते, माठ पाझरतो, हे त्यांनी रोज पाहिले आणि त्याप्रमाणे वापरले. आपण शाळेत त्याची कारणे शिकतो. दोन्ही ज्ञाने एकत्र आली तर पैसा वाचेल आणि जीवही जपला जाईल.

करून पहा

१. घरातील पाच जुन्या वस्तू घ्या. प्रत्येकीला वरील तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहा.
२. एका कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. तो शोषला जातो का ते पहा.
३. मागच्या वर्षीच्या वह्यांतील कोरे कागद मोजा आणि किती पाने झाली ते फळ्यावर लिहा.
४. घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊन पहा : विषारी औषधाचा एखादा कॅन पाण्याच्या किंवा धान्याच्या जागी आहे का? असल्यास तो आजच बाहेर काढायला सांगा.

चौथी कृती सगळ्यांत आधी करावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी