संडासाचं दार बाहेरच उघडलं पाहिजे

बुऱ्हाणपुरात कुणाही मिस्त्रीला संडासाचं दार बाहेर उघडणारं बसव म्हणा, तो हसतो. बुधवाऱ्यातल्या आमच्या घराचं काम घेतलेला ठेकेदारही हसला. "सबके यहाँ अंदर ही खुलता है, भैया." मी कागदावर आकृती काढून दिली होती. अर्धांगवायूनंतर आई वॉकर धरून कशी चालते, हे तो रोज बघत होता. तरी बाहेर उघडलेलं दार बोळात आडवं येईल म्हणत त्याने आपलंच खरं केलं.

मग आई आत पडली, तीही दाराला टेकून. बाहेरून जितकं ढकलावं तितका पल्ला तिच्या खांद्यात रुतत होता. "नको रे, नको," एवढंच ऐकू येई. बिजागऱ्या काढाव्या म्हटलं, तर त्याही आतल्याच बाजूला! शेवटी पल्ला करवतीने कापावा लागला. ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला एकटं का सोडता?

म्हणून सांगतो, दार बाहेर उघडणारंच घ्या; जागा नसेल तर सरकतं, पण त्याचा रूळ वरून टांगलेला हवा, जमिनीवरचा नको, त्यात वॉकरचा पाय अडकतो. केंद्राच्या 2021च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतही दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं असंच आहे आणि दाराची मोकळी वाट 900 मिलिमीटर सांगितली आहे. मी ते दाखवलं, तर "वो सरकारी बिल्डिंग का है" हे उत्तर. मिस्त्री 30 इंची दार म्हणतो तेव्हा तो चौकट बाहेरून मोजतो; आत जेमतेम 25 इंच उरतात, तिथे चाकाची खुर्ची अडते. माप चौकटीच्या आतून घ्या, उघडा पल्ला वाट खातो तेही धरा.

उंबरा नको. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी असावी. पल्ल्याला आतून आडवा दांडा लावा, म्हणजे बसल्या बसल्या दार ओढून घेता येतं. पोकळ पीव्हीसीत स्क्रू धरत नाहीत, आरपार बोल्टच टाका. उजेड भरपूर ठेवा.

आणि घरच्या माणसाने स्वतः आत जाऊन, दार लावून, उघडून बाहेर येऊन दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आमच्या ठेकेदाराने कापलेल्या दाराच्या जागी नवं बसवायचे वेगळे पैसे मागितले.