तहानेआधी वाटणी

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण सारेच जाणतो. भांडणाचेही तसेच आहे. ते पेटल्यावर विझविण्यापेक्षा पेटूच न देणे बरे. पण ते काम सुकाळात करावयाचे असते, आणि सुकाळात त्याची आठवण कोणाला होते?

पैठणचेच पाहू. गोदामाई नाशिकाकडून येते, अहिल्यानगरच्या अंगाने उतरते आणि नाथसागरात विसावते. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी या जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. छत्रपती संभाजीनगर याचेच पाणी पिते. वरच्या अंगालाही दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणे आहेत. पाऊस भरपूर, तोवर सारे भाऊ-भाऊ. तो रुसला की वरचा म्हणतो, "आमच्या शिवारात पडले ते आमचे." खालचा विचारतो, "मग आम्ही काय प्यावे?" दोघेही शेतकरीच!

त्यात आता हवामान पालटले. पाऊस चार दिवसांत कोसळतो, नि मग महिना महिना तोंड दाखवीत नाही. 2016 साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. टाक्यांपाशी मारामारी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. जगाचेही हेच: धूर सोडला धनवंत राष्ट्रांनी, होरपळतात गरीब.

उपाय एकच, वाटणी आधी ठरविणे. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातील तूट सर्वांनी सारखी सोसावी हे तत्त्व आले. 2014 च्या आदेशाने ठरले की 15 ऑक्टोबरला हिशेब पाहावा. जायकवाडीत साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे. 2023 साली तशी वेळ आली. 8.6 टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, सोडण्याचा आदेश निघाला. विरोध झाला, पण नोव्हेंबरात पाणी निघाले. भांडणाला मोजमाप होते, म्हणून त्याला शेवटही होता.

परंतु कायदा पाणी आणील, समाधान कोठून आणील? वरच्यांपाशी न्याय मागणाऱ्या आम्हा खालच्यांनी ते पाणी उसाच्या फडात मोकळे सोडावे काय? शहरात एका गल्लीला नळ आणि दुसरीला विकतचा टँकर, हा न्याय कोणता?

याच पैठणच्या नाथांनी कावडीतले गंगोदक तहानलेल्या गाढवाला पाजले, असे परंपरा सांगते. नाथांनी त्याचे गाव विचारले नाही, तहान पाहिली. तेव्हा मंडळी, यंदा धरण भरले तरी गावच्या पारावर बसून एवढे ठरवून ठेवू या: उणे पडले तर आधी कोणाला आणि किती. उसाला शेवटी, घागरीला आधी.