सप्तसूत्रांतील शेवटची दोन



महात्मा बसवेश्वरांच्या एका वचनातील सात निषेध आपल्या घरांतील मुलांनाही पाठ असतात. चोरी, हत्या, असत्य, क्रोध, इतरांविषयी तिटकारा, आत्मस्तुती आणि समोरच्याची निंदा या सात गोष्टी टाळणे, हीच आतली व बाहेरची शुद्धी, असा त्याचा आशय. पहिल्या तीन गोष्टी सर्वच धर्म सांगतात. आज शेवटच्या दोहोंचे चिंतन करू.

स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोच्या ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, तिची शताब्दी १९९३ साली त्याच शहरात झाली. तेथे जागतिक नीतीचा एक जाहीरनामा मांडला गेला. त्याचा मसुदा हान्स क्युंग (१९२८–२०२१) या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाने तयार केला होता. अहिंसा, न्याय्य अर्थव्यवहार, सहिष्णुता व सत्यनिष्ठा आणि स्त्री-पुरुष समानता ही चार बंधने सर्व धर्मांनी मानावीत, असे त्यात म्हटले आहे. धर्माधर्मांत शांती नसेल तर राष्ट्राराष्ट्रांत ती नांदणार नाही, हे क्युंग यांचे आयुष्यभराचे सांगणे होते.

हे वाचताच आपण म्हणतो, "यात नवे काय? आमच्या बसवण्णांनी हे आठशे वर्षांपूर्वीच सांगितले!" पण थांबा. असे म्हणताना आपली छाती फुगली, तर सहावे सूत्र तेथेच मोडले.

क्युंग यांनी आधी स्वतःचे घर तपासले. पोप धर्मनिर्णयात चुकत नाहीत, या सिद्धान्तावर त्यांनी प्रश्न विचारला. १९७९ साली कॅथलिक धर्मशास्त्र शिकविण्याची त्यांची मान्यता काढून घेण्यात आली. तरी त्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि संवादही थांबविला नाही.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे गदगच्या तोंटदार्य मठाचे लिंगैक्य डॉ. सिद्धलिंग महास्वामीजी (१९४९–२०१८). धार्मिक सलोख्याच्या कार्यासाठी त्यांना २००१ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतर त्या पीठावर आले ते आपल्या बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाचे श्री सिद्धराम महास्वामीजी. सिद्धलिंग स्वामीजी कन्नड चळवळीत अग्रभागी होते. भाषेच्या प्रश्नावर निपाणी-बेळगावच्या मराठी भक्ताचे मत वेगळे असू शकेल. पण तेवढ्यासाठी त्यांचे सलोख्याचे कार्य आपण नाकारणार काय?

आपल्या सीमाभागात खरी कसोटी येथेच आहे. घरात मराठी, वचनांची मूळ भाषा कन्नड, शेजारी उर्दू बोलणारे कुटुंब. मतभेद असोत, न्यायाची मागणीही ठामपणे करावी. मात्र आपली बाजू मांडताना समोरच्याची भाषा, त्याचा देव, त्याची जात यांवर जीभ घसरू नये. हे सातवे सूत्र होय.

म्हणून या महिन्यात इष्टलिंगपूजेनंतर रोज स्वतःस दोन प्रश्न विचारा : आज मी माझी बढाई मारली काय? आज मी कोणाची निंदा केली काय? उत्तर "होय" आले, तर त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्याशी चार शब्द बोला. सर्वधर्म परिषदेची आपल्या गल्लीतील सुरुवात तीच.