नाल रस्त्यासाठी, शेतासाठी नव्हे

वर्ध्याकडे नाल म्हटली की घोड्याआधी बैल आठवतो. पण घोडा असो की गवळाऊ बैल, नाल लागते की नाही हे जमीन ठरवते. काळ्या मातीत खूर झिजतो कमी, वाढतो जास्त. तिथे छाटणी पुरते. डांबरावर आणि दगडावर तो वाढीपेक्षा लवकर झिजतो. तिथे नाल लागते.

काय करावे

- आधी रस्ता बघा, मग नालबंद बोलवा. दिवाळीनंतर कापसाची बंडी डांबरी रस्त्याने आर्वी, देवळी, हिंगणघाटला जाणार असेल, किंवा गिरड-आष्टीकडच्या दगडी वाटांवर रोजची ये-जा असेल, तर नाल मारा.
- फक्त शेतात राबणारा बैल अनवाणीच ठेवा. वाढलेला खूर मात्र वेळेवर छाटून घ्या.
- बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन पट्ट्या लागतात. दोन्ही नख्या आधी सारख्या करून घ्या, नाहीतर भार एकीवरच पडतो.
- नाल मारायची तर सकाळी, बैलाला चारा घालण्याआधी. पाडायला मऊ जागा निवडा आणि त्याला फार वेळ आडवा ठेवू नका, पोट फुगते.
- खिळा खुराच्या बाहेरच्या कडेतूनच जाऊ द्या. बैलाची ही कड घोड्यापेक्षा पातळ असते, म्हणून खिळाही बारीक हवा.
- वरातीच्या घोड्याची नाल ६ ते ८ आठवड्यांनी काढून, खूर छाटून पुन्हा बसवा. नाल झिजली नसली तरी खूर वाढतच असतो.
- पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकताना चारही खूर उचलून बघा.

काय टाळावे

- सैल नालेवर बैल जुंपू नका. निघालेला खिळा त्याच्याच पायात घुसतो.
- लंगडणाऱ्या जनावराला थेट नाल मारू नका. आधी खडा, जखम, खुरकूत आहे का ते बघा.
- खिळ्याने रक्त आले तर तसेच पुढे ठोकू नका. खिळा काढा, जखम धुवा आणि धनुर्वाताच्या लशीसाठी डॉक्टरांना विचारा.
- पेरणीच्या चिखलात जुनी नाल पायात ठेवू नका.
- नाल नसलेले जनावर डांबरी, सिमेंटच्या किंवा खडकाळ वाटेने हाकत दूर नेऊ नका. जनावरांच्या पायी वाहतुकीच्या २००१ च्या नियमांत त्याला मनाई आहे.
- नाल आहे म्हणून भर उन्हात बंडी जुंपू नका. पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावू नये, असे ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम सांगतात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा बहुतेक रोज ही मर्यादा ओलांडतो.

शंका असेल तर नालबंदाआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात खूर दाखवा.